पंगतीतून कोणाला उठवायचं?

पुण्यात मी कुलपं करून पोट भरतो. लोखंडाची नव्हेत. ग्रुपवरचा मेसेज फोनमधून निघतानाच सांकेतिक करायचा आणि तो फक्त मेंबरांच्याच फोनवर उघडेल अशा किल्ल्या वाटायच्या, हे माझं काम. मधल्या कंपनीलाही त्यातलं अक्षर कळत नाही. एखाद्याला काढलं की उरलेल्यांच्या किल्ल्या आपोआप बदलतात. या एका गोष्टीपायी आम्ही डोकी फोडून घेतली होती.

शेवगावकडं दिलेल्या माझ्या अक्काला तसला ग्रुप मीच करून दिला. ऊसतोडीला निघायच्या आत पोरीचं लग्न उरकायचं दाजींनी ठरवलं होतं. भाची अजून अठराची नव्हती, तिला बारावी करायची होती. नवऱ्याविरुद्ध तक्रार करायला अक्का तयार नव्हती. मग तिनं आणि गल्लीतल्या बायकांनी पोरीला गुपचूप राहुरीच्या वसतिगृहात पोचवायचं ठरवलं.

ग्रुपात अक्काची नणंदही होती. आधी ती पोरीच्या बाजूनं तावातावानं बोलायची. मग मुलाकडच्यांनी तिला भारी साडी नेसवली आणि ती गप्प झाली. मी अक्काला फोन करून सांगितलं, तिला आधी काढ.

"काढू कशी? पंगतीला बसलेल्या बाईला ताटावरून उठवायचं व्हय? भाऊबीजेला आमच्याच दारात यायची हाय ती."

"मग तिला वगळून नवा ग्रुप कर."

"त्ये तर लईच वाईट दिसंल."

आमच्या धंद्यातल्या हुशार लोकांनी चोराचा विचार केला, सरकारचा केला. नणंदेचा कोणी केला नाही.

कोणत्या एसटीनं निघायचं ते अक्कानं ग्रुपवर लिहिलं. मेसेज अगदी सुरक्षित गेला, वाटेत कोणीही वाचला नाही. दाजी स्टँडवर आधीच येऊन बसले होते. पुस्तकांची पिशवी त्यांनी स्वतः उचलून घरी आणली.

लग्नात अक्कानं त्याच नणंदेची ओटी भरली. मला नणंदेपेक्षा अक्काचाच संताप आला, अजूनही येतो.

परवा भाचीला मेसेज टाकला, बाहेरून बारावी दे, फी मी भरतो. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या मोबाईलवरून तिचा फोन आला.

"मामा, आता काय लिव्हत जाऊ नका. फोन सासूबाईंपाशी असतो. त्यास्नी वाचता येत न्हाई, मंग समद्यांपुढं मलाच मोठ्यानं वाचाय लावत्यात."