अष्टमीचा बांध, पुनवेचा सिनेमा

धरमतर खाडीकाठच्या आमच्या गावाचा बांध फुटून खारं पाणी भातशेतात शिरलं, त्याचा खटला झाला होता. खाडीतल्या रेतीचा ठेकेदार म्हणत होता, उधाणाने फुटला. गाव म्हणत होतं, बार्ज आत घ्यायला त्याच्याच माणसांनी कापला. निकाल फिरला तो माझ्या आत्याच्या साक्षीने. ती कोर्टात म्हणाली, त्या दिवशी अष्टमी होती. अष्टमीला भांग असतो, भरती बांधाच्या निम्म्यालासुद्धा चढत नाही, उधाण यायचं ते पुनवे-अवसेला, मग त्या दिवशी आलं कुठून? पंचांग मागवलं. अष्टमीच निघाली.

त्या खटल्यावर पुढे सिनेमा आला. पहिल्या रविवारी मी आत्याला पेणच्या टॉकीजला नेलं. सिनेमात बांध पुनवेला फुटतो आणि साक्षीदार बाई एक शब्द न बोलता रडते. तिच्या रडण्यावर गाव जिंकतं.

मुंबईच्या पेपरांनी चार-चार तारे दिले. चांदण्यात शिरणारं पाणी, मुकी साक्षीदार, सगळ्याचं कौतुक. एका समीक्षकाने सिनेमा सत्याशी प्रामाणिक आहे असंही लिहिलं. मी घरातली पहिली पदवीधर. रोह्याच्या कॉलेजात लायब्ररी सांभाळते, तिथल्या साप्ताहिकात लिहिते. मीही अर्धं पान लिहिलं. त्यात दोन परिच्छेद नुसत्या चंद्रावर. आत्या टॉकीजमधून गप्पच आली होती. मला वाटलं, तिला आवडलं.

चार दिवसांनी ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. शेजारचा मुलगा डोलवीला कंपनीत शिफ्ट करतो, तो जाता जाता थांबला.

"काकू, सिनेमात तर पुनव हाय. मग कोर्टात अष्टमी सांगून जजलाच गुंडाळलंस व्हय?"

समोरच्या घरातल्या दोघी हसल्या.

"भाचीनं पण पुनवच छापलीय तुझ्या," तो म्हणाला आणि गेला.

आत्याने सूप खाली ठेवलं. "पुनवेला फुटला तर ठेकेदार खरा नि मी खोटी. येवढं कळत नाय गो तुला? येवढी शिकलीस."

"आत्या, सिनेमा आहे. दिसायला बरं म्हणून घेतात चंद्र."

"त्यांनी घेतला दिसायला. तू का घेतलास? तू हितली."

मला तिथी कळते. खाडीवर वाढलेय. पण टॉकीजला जायच्या आधी मी पेपर वाचून गेले होते, आणि पेपरात जे चांगलं म्हटलं होतं ते मला चांगलं दिसलं. एवढीच गोष्ट आहे.

मी खुलासा लिहिला: बांध अष्टमीला, भांगाच्या दिवशी फुटला, पुनव सिनेमाची, आणि मी ती तशीच उचलली. संपादक म्हणाले, "सिनेमाची चूक काढा, आपली कशाला?" मी म्हटलं, आधी आपली. शेवटच्या पानावर, साड्यांच्या सेलच्या जाहिरातीखाली तो छापून आला.

आत्याने माझ्याकडून तो दोनदा वाचून घेतला. मग पेपर घेऊन शेजारच्या अंगणात गेली. मुलगा बाईक पुसत होता.

"वाच. मोठ्यानं."

त्याने वाचलं. समोरच्या दोघी दारात आल्या होत्या. अर्ध्यावर तो थांबला. "काकू, भांग म्हंजे नक्की काय गो? त्या दिवशी पाणी येतच नाय?"

आत्याने त्याच्याकडे पाहिलं. मग पायरीवर बसली.

"शिफ्ट किती वाजता तुझी?"

"दोनला."

"मंग बस."