कॅम्पापुरतं पथ्य

आमचे हे राहनाळच्या गोदामात माल चढवायला-उतरवायला होते. तिथे दरसाल तपासणीचा कॅम्प यायचा. तशी चांगलीच गोष्ट. पण सगळ्यांना धास्ती एकच, साखर जास्त निघाली तर ठेकेदार ड्युटी काढून घेईल. मग काय, कॅम्पाची तारीख लागली की अख्खी टोळी साधू व्हायची! भात बंद, चहा बिनसाखरेचा, डब्यात कारलं. यांना मधुमेह होताच, पण गोळ्यासुद्धा तेवढ्यापुरत्याच आठवायच्या.

कॅम्पात उपाशीपोटीची साखर बघायचे. ती बरी यायची. हे कागद हलवतच घरात शिरायचे.

"बघ, तुझा नवरा पास झाला!"

"मग पेढे वाटा आता," मी चिडून म्हणायची. तर दुसऱ्या हातात जिलबीचा पुडा तयारच. "गरम हाय तवर खा," वर मलाच आग्रह.

बरीच वर्षं असं चाललं. मग एकदा संडास धुताना बघते तर पाणी ओतलं तरी लघवीचा फेस जाईना. पाठोपाठ यांचे पाय सुजले. चप्पल चढेना तेव्हा कुठे दवाखान्यात आले.

डॉक्टरीणबाई आमच्या लेकीच्या वयाची. रक्त, लघवी सगळं तपासून म्हणाली, "काका, तीन महिन्यांची साखर काढली. फार वाढलीय."

"कॅम्पात तर बरी होती, मॅडम."

"ती त्या सकाळपुरती. साखर सारखी जास्त राहिली की अंगातल्या प्रोटीनला चिकटते. त्यातून घातक पदार्थ तयार होतात, ते साठत जातात. किडनी म्हणजे बारीक गाळणी. त्यांच्यामुळे ती खराब होते, मग प्रोटीन गळतं. फेस त्याचाच."

हे जरा पुढे सरकून बसले. "मग आजपासून भात सोडतो. महिन्यानं परत तपासा."

ती पोर हळूच म्हणाली, "पथ्य कराच, काका. पण किडनी जेवढी गेली तेवढी परत येत नाही."

यांनी पथ्य केलं हो, अगदी मनापासून केलं. पण उशीर झाला होता. आता दिवसाआड डायलिसिस. काम तर कधीच सुटलं.

परवा टोळीतले दोघे भेटायला आले. गप्पांत एक म्हणाला, "दादा, सोमवारी कॅम्प हाय. आम्ही भात सोडलाय."

हे एकदम उठून बसले. "खा रे भात! रोज खाता तसंच खात राहा. खरं काय ते निघू दे."

दोघे हसले. त्यांना वाटलं, दादांची नेहमीची थट्टा. यांचा चेहरा बघून मग थांबले.

"आणि ड्युटी गेली तर, दादा? घरात काय सांगू?"

यांनी माझ्याकडे बघितलं. मी चहा टाकायला उठले. त्या दोघांना कपभर दिला, यांना दोन घोट. किडनी गेल्यापासून यांना पाणीसुद्धा मोजूनच द्यायचं असतं. ते दोन घोट हे पुरवून पुरवून प्यायले.