रिंगा बोगस आहेत

आमच्या गाडीला ऑइलचं व्यसन होतं. पेट्रोलही ती भरपूर प्यायची, पण ते तिचं जेवण झालं. मी अमरावतीहून दर्यापूरला कॉलेजात शिकवायला जायचे आणि डिकीत कायम ऑइलचा डबा असायचा. वलगाव मागे पडलं की आरशात बघायचं नाही, असा मी नियमच केला होता, कारण आरशात रस्ता नसे, नुसता निळा धूर असे. एकदा एका काळीपिवळीवाल्याने जीप शेजारी आणली आणि टपावरच्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "बाई, डास मारून राहिल्या का?" अख्खा टप हसला. मीही हसले, मग दिवसभर चिडून राहिले.

गाडी बाबांची. ते वकील. कोर्ट घरापासून पायी अंतरावर, म्हणून ती चालवायचे मी आणि तिच्यावर जीव टाकायचे ते. संध्याकाळी काळा कोट खुंटीला लागला की बाबा बोनेट उघडून उभे राहत. इंजिनातलं त्यांना काही कळत नव्हतं, आणि हे त्यांना सांगायची घरात कोणाची छाती नव्हती.

कळणारा माणूस एकच, आमचे चाचा. कोर्टाच्या मागच्या रस्त्यावर कडुनिंबाखाली त्यांचं गॅरेज होतं. पंचवीस वर्षं आमच्या गाडीला दुसऱ्या मिस्त्रीचा हात लागला नव्हता. त्या हिवाळ्यात त्यांनी निकाल दिला, "वकीलसाहेब, रिंगा गेल्या. इंजन खोलावं लागते." पिस्टनवरच्या रिंगा झिजल्या की ऑइल वर चढतं आणि पेट्रोलबरोबर जळतं, हे त्यांनी बाबांना चहाच्या कपात बोट फिरवून समजावलं. आठ दिवस काम चाललं. बाबा रोज संध्याकाळी तिथल्या बाकावर बसून कायदेशीर सल्ला देत होते. नव्या रिंगा पडल्या, धूर बंद झाला. दोन महिने मी आरशात मान वर करून बघत दर्यापूरला गेले.

उन्हाळा लागला आणि धूर परत आला. पहिल्यापेक्षा जास्त.

ती वर्षं वाईट होती. बियाणं पेरावं तर उगवत नव्हतं, फवारणीचं औषध मारावं तर अळी आणखी जोमाने वाढत होती. प्रत्येकाच्या तोंडी 'बोगस' हा शब्द असायचा. बियाणं बोगस, खत बोगस, पंचनामा बोगस. बाबांच्या टेबलावर तसल्याच केसेसचा ढीग होता. दिवसभर फसवलेल्या माणसांचं ऐकून घरी आलेल्या माणसाने धूर बघितला आणि क्षणात निकाल लावला: "रिंगा बोगस आहेत. डुप्लिकेट माल टाकला त्यानं."

घरात बोलले असते तर मी पोटात ठेवलं असतं. पण बाबा बार रूममध्ये बोलले. दुपारच्या चहाला, सगळ्या वकिलांसमोर, युक्तिवादाच्या आवाजात.

त्याचा परिणाम मला कॉलेजातून परतताना दिसू लागला. खेड्यांवरचे ट्रॅक्टर आणि जीपा चाचांकडे येणं आधीच कमी झालं होतं. दोन हंगाम हातचे गेले होते, लोक आहे त्या बिघाडासकट गाड्या हाकत होते. चाचांचं घर चालत होतं ते कोर्टातल्या गाड्यांवर. आता त्याही दुसरीकडे जाऊ लागल्या. एका भर दुपारी चाचा मोकळ्या अंगणात उर्दू पेपर वाचत बसलेले दिसले. एवढ्या वर्षांत मी त्यांना कधी दुपारी पेपर वाचताना बघितलं नव्हतं.

"तुम्ही चाचांना विचारलं का?" मी बाबांना म्हटलं.

"विचारायचं काय त्यात? पुरावा समोर धूर सोडतोय."

मला इतका राग आला की रविवारी अकोल्याला मावशीकडे जाते अशी थाप मारून मी गाडी थेट कडुनिंबाखाली नेली.

चाचांच्या कानावर सगळं गेलेलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. पण गाडीला त्यांनी कधी कोणाचा राग दाखवला नाही. "चालू कर बेटा," एवढंच म्हणाले आणि मागे जाऊन उकिडवे बसले. चाचा आधी बोनेट उघडत नसत. आधी धूर बघायचे, मग प्रश्न विचारायचे. सकाळी चालू करताना येते का? चढावर जास्ती येते का? उतारावर पाय सोडून परत दाबला तर?

"नेहमीच येतो, चाचा."

"नेहमीच?" त्यांनी भुवई वर केली. "रिंगाचा धूर असा नसते."

त्यांनी चारही प्लग काढले, एकेका भोकावर आतला दाब मोजायचं गेज लावून मला चावी फिरवायला सांगितली. काटा चारही वेळा ताठ वर गेला. "पाह्य, जवान पोरासारखं इंजन हाये." त्या वेळी त्यांच्या आवाजात जे होतं ते मला ऐकवेना. माणूस स्वतःवरचा आरोप खोटा ठरताना बघत होता आणि ते बघायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

प्लग परत बसले, गाडी पुन्हा चालू झाली. चाचांनी ऑइल ओतायच्या तोंडाचं झाकण सैल केलं, तसं ते फटकन उडालं आणि गरम भपकारा आमच्या तोंडावर आला. "पोटात हवा कोंडून राहिली. मंग ऑइल जागा भेटन तिथून वर घुसते अन् जळते." इंजिनातली वाफ बाहेर सोडायला एक नळी असते, बाजूने खाली लोंबणारी, उघड्या तोंडाची. चाचा गाडीखाली गेले. मग चिमट्याने ओढून त्यांनी एक बोळा बाहेर काढला.

कापूस. वऱ्हाडात कुठेही भोक दिसलं की माणसाचा हात आधी कापसाकडे जातो. कान ठणकला, कापूस. नळ गळतो, कापूस. कुलपात धूळ जाते, कापूस. त्यामुळे कापसाचं मला नवल वाटलं नाही. तो ज्यात गुंडाळला होता ते कापड मात्र मी ओळखलं. ऑइलने काळं झालं होतं, तरी दोन टोकं लोंबत होती. वकिलांच्या गळ्यातला पांढरा बँड. जुना, बाबांचा.

चाचांनीही ओळखला. उन्हाळ्यात दर्यापूर रस्त्याची धूळ आपल्या नव्याकोऱ्या इंजिनात जाईल म्हणून बाबांनी नळीच्या तोंडात बोळा कोंबून गाडीची काळजी घेतली होती.

चाचांनी बोळा कागदात गुंडाळला. "साहेबाले सांगू नको. म्हण, उंदरानं घर केलं होतं."

"आणि तुमचं नाव, चाचा?"

ते हात पुसत राहिले.

मी उंदराचं नाव घेतलं नाही. घरी येऊन तो कागद बाबांच्या फायलींवर उघडून ठेवला आणि गेजपासून झाकणापर्यंत सगळं सांगितलं. बाबांनी आधी उलटतपासणी घेतली. हा बँड माझाच कशावरून? गावात वकील काय मी एकटाच? मी नुसती बघत राहिले. शेवटी त्यांनी बोळा पुन्हा कागदात गुंडाळला आणि खुंटीवरच्या कोटाच्या खिशात ठेवला. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

सोमवारी चहाच्या वेळेला ते बार रूममध्ये उभे राहिले आणि, हे मला नंतर दुसऱ्या वकिलाकडून कळलं, खुर्चीवर बोळा ठेवून सगळ्यांना म्हणाले, रिंगा अस्सल आहेत, बोगस मी होतो. संध्याकाळी मीच त्यांना गॅरेजवर नेलं. चाचा एका स्कूटरवर वाकलेले होते. बाबा बाकावर बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "चुकलो."

हा शब्द मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकला नव्हता.

चाचांनी मान वर केली. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "साऱ्या दुनियेले सांगितलं तुमी, साहेब. मले एकडाव इचारलं काहून नाही?"

आयुष्यभर लोकांना प्रश्न विचारून पोट भरलेले बाबा खाली बघत होते. मला वाटलं, आता काहीतरी मुद्दा काढतील.

"भीती वाटली," ते म्हणाले. "तुम्ही हो म्हटलं असतं तर? मग या गावात विश्वास ठेवायला माझ्याकडे कोण उरलं असतं?"

चाचांनी पाना खाली ठेवला, बाकावरची धूळ फडक्याने झटकली आणि एका टोकाला बसून बाबांना जागा केली.