खिडकीकडची जागा

कळवणहून नाशिकला येणाऱ्या सकाळच्या एसटीत ते माझ्या शेजारी बसले होते. पन्नाशीचे, अंगाने दणकट, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवलेले. बाहेर धुकं होतं आणि त्यातून द्राक्षबागा तरंगत मागे जात होत्या. सगळी गाडी पेंगत होती. मलाही डुलकी लागली. जाग आली तेव्हा ते रडत होते. आवाज येत नव्हता, ते डोळेही पुसत नव्हते. गालांवरून पाणी नुसतं वाहत होतं. आमच्या घरात मी कुणा पुरुषाला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं.

मी पाण्याची बाटली पुढे केली. "काका, काय झालं?"

"धाकटा भाऊ गेला. महिना झाला," ते म्हणाले. "घरी म्हातारी हाय, त्याची पोरं हायेत. समद्यांना मीच धीर देतो. त्यांच्यापुढं रडू कसा?"

"मग नाशिकला काही काम आहे का?"

"काम काय नाय. उतरायचं, चहा घ्यायचा, माघारी यायचं."

मी उठून त्यांना खिडकीकडची जागा दिली. त्यांनी काचेला डोकं टेकवून डोळे मिटले. दिंडोरी मागे पडल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "नाशिक आलं का?"

"अजून वेळ आहे."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि त्यांनी डोळे उघडले नाहीत.