पाच कोपऱ्यांचे तुकडे

मगदूम सरांचं काम मी बुडवलं. चेष्टेत बुडवलं.

आज सकाळी सर गेले. गल्लीत सगळे म्हणत्यात, देवमाणूस. मला तसं म्हणायला तोंड न्हाय.

मला म्हातारीला लिहाय-वाचाय येत न्हाय. नात सायली टाइप करतीया. अक्षरं तिची, चूक माझी.

सर आमच्या शिवाजी पेठेतलेच. कॉलेजात गणित शिकवायचे. रिटायर झाल्यावर लोक देवदर्शनाला जात्यात, हे अर्ज घेऊन सरकारी ऑफिसात जायचे.
मागणं एकच. गणिताच्या संशोधनाला सरकारनं पैसं द्यावं, शाळा-कॉलेजात गणिताचं मास्तर भरावं.

मी म्हणायचो, सर, चपला झिजल्या, आता पाय झिजतील.
ते म्हणायचे, कोल्हापुरी हाय मावशी, टिकतीया.

मी जुन्या लुगड्यांच्या वाकळा-गोधड्या शिवतो. एकदा सर म्हणाले, सगळ्या बाजू आणि सगळे कोपरे सारखे असलेलं पाच कोपऱ्यांचं तुकडं जोडून बघा.
दोन दिवस झटलो. चार कोपऱ्यांचं बसतंय. सहाचंबी बसतंय. पाचाचं काय केल्या बसंना, मधे फट राहतीया.

"का बसंना?" सरांनी विचारलं.
"तुमच्या गणिताला विचारा की."
"तेच तर, मावशी. तुम्हाला जोडता येतंय. पण का जुळतंय, का जुळत न्हाय, हे शोधायला माणूस बसवावा लागतो. त्याला सरकारनं पोसायला पाहिजे."

पुढं सरकारी पैसं मंजूर करणारे एक मोठे साहेब मीटिंगला आले. सरांनी मला तुकड्यांच्या पिशवीसकट नेलं. मी फक्त तुकडं मांडायचं, फट दाखवायची. बोलणार सर.

चाराचं मांडलं, सहाचं मांडलं. तेवढ्यात साहेबांनी विचारलं, आजी, शाळा किती झाली?

खोलीभर शिकलेली माणसं. मला लाज वाटली. आणि लाज वाटली की मी चेष्टा करतो, जुनी खोड हाय.

"शाळंची पायरी चढलो न्हाय साहेब, तरी जमतंय की. मग सरकारनं पैसं कशाला घालायचं?"

सगळी खोली हसली. साहेब हसत हसतच उठले. म्हणाले, बघा सर, आजीच सांगत्यात.

मीटिंग संपली. पाच कोपऱ्यांचं तुकडं पिशवीतच राहिलं.

येताना सरांनी मला चहा पाजला. "मावशी, टायमिंग झकास हाय तुमचं," एवढंच म्हणाले.
चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आज सरांच्या मिसेस सांगत होत्या. त्यानंतर सर जिथं अर्ज घेऊन जायचे, तिथले साहेब लोक माझाच किस्सा सांगून सरांना वाटेला लावायचे. सरांनी मला कधी कळू दिलं न्हाय. रोज दारावरनं जाताना हाक मारायचे.

सायली बीएस्सीला गणित घेऊन बसलीया. तिच्या कॉलेजात गणिताची जागा रिकामी हाय. अडलं की सरांकडं पळायची.
आता हे टाइप करतीया, पण माझ्याकडं बघंना.

त्या साहेबांना कुणी ओळखत असंल तर हे वाचून दाखवा.
मला चाराचं आणि सहाचं जमतंय, एवढंच. पाचाचं का जमत न्हाय, ते मला आजबी ठाऊक न्हाय. ज्याला ठाऊक होतं तो माणूस आज गेला.
असली माणसं फुकट तयार होत न्हाईत, साहेब. पैसं घाला.

अर्ज कुणीतरी पुढं न्या. पिशवी अजून खुंटीला हाय. मी येतो, फट दाखवतो, आणि गप बसतो.

सर, चुकलो.
निवांत जावा.