चित्तेम्माच्या तळ्यात चांदी

चित्तेम्माचं निम्मं आयुष्य कोळंबी सोलण्याच्या शेडमध्ये गेलं, बर्फात हात घालून. नवरा वारल्यावर त्याच्या वाट्याचं तळं हाती आलं, तेव्हा म्हणाली, "पंतुलम्मा, मरेन, पण त्या शेडची पायरी पुन्हा चढणार नाही." भीमवरमला कॉलेजात मी जन्मभर जीवशास्त्र शिकवलं, म्हणून साऱ्या गावाची मी पंतुलम्मा, म्हणजे मास्तरीणबाई.

कोळंबी तिला साधली. गूळ आणि कोंडा आंबवून ती चांगले जंतू वाढवायची, तळ्यात ओतायची. तळाची घाण ते खातात. पाणी हिरवट, कोळंबी टणटणीत.

मग तिच्या भावाचा मुलगा पेद्दिराजू तळ्याची औषधं विकायला लागला. आमच्यात भाच्याला मुलगी देतात. तिची सुगुणा त्यालाच द्यायची, हे पाळण्यातच ठरलेलं.

एक दिवस बाटली घेऊन तो आत्याकडे आला. "अत्तय्या, ही चांदी! इतकी बारीक की डोळ्यांना दिसायची नाही. एक रोगजंतू उरणार नाही."

"आणि माझे गुळाचे?"

"ते कशाला मरतील? ते चांगले ना!"

मी तिथेच बसले होते. म्हटलं, "गाढवा, चांदी काय पत्रिका बघून मारते?"

"पंतुलम्मा, तुमची पुस्तकं जुनी झाली," तो हसला.

चित्तेम्माने मला डोळ्यांनीच गप्प केलं. होणाऱ्या जावयाची बाटली परत कशी करायची? बाटली नको म्हणजे सोयरीकच नको.

सकाळी गूळपाणी, दुपारी चांदी. असा शहाणपणा चालला. पाणी नितळ झालं.

"बघा, तळ दिसतोय!" पेद्दिराजू मिरवत होता. तळ दिसला की कोळंबीवाला ओळखतो, पाणी मेलं. तिनेही ओळखलं. आणि त्याच्यासाठी ताक आणायला आत गेली.

घाण खायला कोणी उरलं नाही. ती सडली, तिचं विष पाण्यात भिनलं. एका पहाटे सगळी कोळंबी काठाशी येऊन तडफडली, उन्हं चढेपर्यंत पांढरी पडली.

पेद्दिराजू नाक दाबून म्हणाला, "गूळ ओतल्यावर दुसरं काय होणार, अत्तय्या!"

हुंडा त्याच कोळंबीतून निघायचा होता. भावाने पेद्दिराजूला दुसरीकडची मुलगी केली. चित्तेम्मा त्या लग्नाला गेली, आहेरही केला.

मी विचारलं, "त्याच्या तोंडावर थुंकली का नाहीस?"

"भावाचं पोर आहे, पंतुलम्मा. तुम्हाला नाही कळायचं."

नाहीच कळत. पुन्हा कोळंबी सोडायला पैसा उरला नाही, तळं आता दुसरं कोणी करतं. ती शेडमध्ये कोळंबी सोलते, आणि शेजारी सुगुणा.