‘इज’च्या पुढे काय

सरांना सगळे ‘कायसर’ म्हणत, आणि गंमत म्हणजे तोंडावर म्हणत. रस्त्यात भेटणारा माणूस “काय सर!” अशी हाक मारायचा, त्यात नमस्कार किती आणि टोपणनाव किती, हे सरांना कधी पकडता आलं नाही. नाव पडलं ते त्यांच्या सवयीमुळे. कुणी वाक्य अर्धवट सोडलं की सर मान पुढे काढून विचारायचे, “काय?” भाजीवाली म्हणाली, “आज वांगी जरा...” की यांचं तयारच, “जरा काय? महाग की किडकी?” ती बिचारी खरं सांगून टाकायची.

तलासरीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवण्यात सरांची सगळी नोकरी गेली. २०१४ साली निवृत्त होऊन ते वाणगावजवळच्या आपल्या चिकूच्या वाडीत राहायला आले. मी तिथल्याच एका खाजगी दवाखान्यात मदतनीस होते. ड्रेसिंगचं सामान उकळायचं, पेशंटला हात देऊन टेबलावर चढवायचं. नर्सिंगच्या कोर्सला जायची फार इच्छा, पण बारावी इंग्रजीत अडकलेली. लग्नाआधी दोनदा नापास झाले होते. कोर्सला वयाची अट पस्तिशीची, आणि माझी बत्तिशी उलटली होती. सरांच्या बायको, काकू, दवाखान्यात बीपी तपासायला यायच्या. एकदा बोलता बोलता माझ्या तोंडून हे निघालं आणि त्या मला हाताला धरून घरीच घेऊन गेल्या. काकू माहेरच्या उंबरगावच्या, त्यामुळे त्यांच्या मराठीत गुजराती सहज मिसळायची. दारातूनच त्या म्हणाल्या, “अहो, ही सुनंदा. हिला इंग्रजी शिकवा ने जरा.”

पहिल्या दिवशी सरांनी व्याकरणातलं एकही नाव उच्चारलं नाही. ओट्यावर पाटी घेऊन बसले आणि लिहिलं, ‘द बेबी स्लेप्ट.’

“वाक्य संपलं?”

“हो सर. बाळ झोपलं.”

मग लिहिलं, ‘द बेबी बिकेम.’

“आता?”

“नाही संपलं.”

“मग? काय?”

मी दवाखान्यातली. म्हटलं, “सिक?”

“चाललं. ते विशेषण. अजून काय होईल?”

“अ डॉक्टर?”

“एवढ्यात? होऊ दे, बाळ हुशार आहे.” सर हसले. “हे नाम. तेही चाललं. काही क्रियापदं आपली जेवून आलेली असतात, काहींना पुढे वाढावंच लागतं. बिकम, सीम, लुक, फील, आणि सगळ्यांत भुकेलं ते इज. त्यांच्यासमोर रिकामं ताट ठेवायचं नाही.”

इतकी वर्षं मी इंग्रजी पाठ करत होते. ते समजतंही, हे मला त्या दुपारी कळलं.

माझ्या चुकांना सर हसत नसत, त्या चुकांमध्ये त्यांना रस वाटायचा. ‘मला भूक लागली’चं मी ‘हंगर केम टू मी’ केलं, तर त्यांनी काकूंना स्वयंपाकघरातून बोलावून ते वाक्य ऐकवलं. “बघ, किती मराठी आहे हे! आपल्याकडे भूक, भीती, राग, सगळे पाहुणे. येतात, बसतात, जातात. इंग्रजीत माणूसच हंग्री असतो, माणूसच अफ्रेड असतो.” काकूंनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि मला जेवायला वाढलं.

एकदा त्यांनी ‘आय ॲम’ने सुरू होणारी पाच वाक्यं लिहायला सांगितली. मी शेवटचं वाक्य लिहिलं, ‘आय ॲम अ फेल्युअर.’ वाक्याची बांधणी बिनचूक जमली म्हणून मी मनात खूशसुद्धा होते. सरांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

“व्याकरण बरोबर आहे,” ते म्हणाले, “वाक्य खोटं आहे.”

“पण सर, दोनदा...”

“दोनदा काय? पेपर राहिला. मग ‘आय फेल्ड’ लिही. घडलं आणि संपलं. हे ‘अ’ लावून नाम कशाला चिकटवतेस स्वतःला? विशेषण धुतलं की जातं, आज टायर्ड, उद्या फ्रेश. नाम निघता निघत नाही. चिकटवायचंच असेल तर व्हायचंय ते चिकटव.”

त्या वाक्यावर रेघ मी मारली, सरांनी नाही. खाली लिहिलं, ‘आय विल बी अ नर्स.’ घरी येऊन नवऱ्याला दाखवलं. तो रिक्षा धूत होता. ओल्या हातानेच त्याने वही धरली, एकेक अक्षर लावून वाचलं आणि म्हणाला, “मग परीक्षेचा फॉर्म कधी भरायचा?”

फॉर्म भरला, आणि त्याच हिवाळ्यात तलासरीकडे जमीन हादरू लागली. आमच्याकडेही मांडणीवरची भांडी वाजायची, पण तिकडचे हाल वेगळे होते. लोक थंडीत घराबाहेर, ताडपत्रीखाली झोपत होते. मुलांना वर्गात बसवायची कुणाची छाती नव्हती. शाळा मैदानात भरत होती. सरांना हे कळलं आणि ते रोज सकाळची एसटी पकडून जुन्या शाळेत जाऊ लागले. तिकडे उघड्यावर पोरांना शिकवायचं आणि दुपारी परत येऊन मला. “भिंती नाहीत ना,” ते सांगायचे, “आवाज उडून जातो. ओरडावं लागतं.” काकू रागावायच्या, “तुम्हाला कोणी बोलावलंय का?” सर म्हणायचे, “पोरं घाबरलीत. पण ‘वी आर अफ्रेड’ एकदम खणखणीत म्हणतात.”

जानेवारीत त्यांचा आवाज बसला. हळदीच्या गुळण्या झाल्या, काढे झाले, आमच्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, पण आवाज उठेना. शेवटी डॉक्टरांनी त्यांना वलसाडला पाठवलं. तिथे स्वरयंत्रावर एक गाठ दिसली. तिचा तुकडा काढून तपासायला दिला आणि सरांना बजावलं, अक्षरही बोलायचं नाही.

काकूंनी त्या दिवसांत आजाराचं नाव एकदाही घेतलं नाही. “ते नसू दे म्हणजे झालं,” एवढंच म्हणायच्या. सर पाटीवर लिहून माझा अभ्यास घेत राहिले. पेपर आठवड्यावर आला होता. मी पुस्तकात बघायचे आणि मला त्यांचा गळाच दिसायचा.

एका दुपारी फोन वाजला. वलसाडचे ते डॉक्टर दक्षिणेकडचे, बोलायचे सगळं इंग्रजीत. सरांनी फोन माझ्या हातात दिला. मी नको नको म्हणत कानाला लावला.

“द रिपोर्ट हॅज कम,” डॉक्टर म्हणाले. “द रिपोर्ट इज...”

आणि रेंज गेली.

काकू दारातून ओरडल्या, “शुं कीधुं? बोल ने, काय म्हणाला?” सरांनी पाटी पुढे केली. तिच्यावर एकच शब्द होता, ‘काय?’

मी फोन घेऊन पळाले. वाडीत रेंज यायची ती फक्त विहिरीपाशी. फोन लावला, लागला नाही. परत लावला. उचलला गेला तेव्हा हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

“डॉक्टर, द रिपोर्ट इज व्हॉट?”

“क्लिअर,” ते म्हणाले. “द रिपोर्ट इज क्लिअर. नो कॅन्सर. बट कीप हिम क्वाएट.”

मी तिथूनच ओरडले, “काकू, काही नाही! काहीच नाही!” काकू पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या, मग हसल्या, मग परत रडल्या. मी धापा टाकत सगळं सांगितलं. सरांनी डोळे मिटून एक लांब श्वास सोडला. थोड्या वेळाने पाटी पुसून त्यांनी लिहिलं, ‘कीप हिम क्वाएट.’ ‘क्वाएट’खाली रेघ मारली, खडू माझ्यासमोर धरला आणि भुवया उंचावल्या: हे विशेषण कुणाचं?

“हिमचं, सर. तुमचं.”

काकूंनी पाटी हिसकावून घेतली. “हवे भणाववानुं बंध करो! पुरे ते शिकवणं! डॉक्टर काय सांगतो आणि तुमचं काय चाललंय!”

पेपर मी शांत डोक्याने लिहिला. निकाल लागला, पास झाले. काठावर नाही, चांगली पास झाले. कोर्सला प्रवेशही मिळाला, वयात बसले.

सरांनी शिकवणं मात्र थांबवलं. आवाज परत आला, पण जपून वापरायचा होता. पावसाळा सरता सरता मला हॉस्टेलवर जायचं होतं. जायच्या दिवशी निरोप घ्यायला गेले, तर सर ओट्यावरच्या झोपाळ्यावर गाढ झोपलेले. काकू खाली बसून चिकू निवडत होत्या.

“उठवू का?” त्यांनी विचारलं.

“नको. झोपू दे.”

“तो आजार उपटल्यापासून धड झोपला नव्हता माणूस. रात्रभर गळा चाचपत बसायचा.” त्या हळूच हसल्या. “आता ऐक. अख्ख्या वाडीला झोप नाही!”

सर खरंच दणदणीत घोरत होते. मी त्यांच्या पायांना हात लावला. ते कूस बदलून परत घोरू लागले. काकूंनी माझ्या पिशवीत चार चिकू टाकले. नवरा बाहेर रिक्षा चालू करून थांबला होता. मी फाटक आवाज न करता ओढून घेतलं आणि रिक्षात बसले.